दुर्गेशच्या आजोबाचा गाडा

प्रीतम: आई, तू मध्ये नोको बोलू. मले बाबांच्या तोंडून ऐकायचं आहे. बाबा, तुम्ही कळमन्याच्या बाजारात नत्थूजी शेठच्या दुकानात गेले होते का?

आनंदराव: गेलो होतो. तुले कोणं सांगतलं?

प्रीतम: तिथं कॅमेऱ्यासमोर बोलले?

आनंदराव: बोललो. पण तू आधी बस तं खरं. भर दुपारी ऑफिस सोडून आला, तोंड असं उतरलेलं. पाणी पी.

बायजाबाई: अवो, कॅमेरा कायचा? मले तं तुम्ही म्हटलं होतं, शेठनं सहज चहाले बोलावलं.

आनंदराव: चहा बी होता ना वं.

बायजाबाई: अन् संत्रा बर्फीचा तो डबा? म्हणे शेठनं दिवाळीचा राहिला होता म्हणून दिला. मी साऱ्या गल्लीत वाटली ते बर्फी.

प्रीतम: बाबा, काय काय झालं ते पहिल्यापासून सांगा. काही सोडू नोका.

आनंदराव: त्यात सोडासारखं काय हाय? परवा सकाळी देवाजी आला होता, माझ्यासंगचा हमाल. म्हणे, नत्थूजी शेठ याद करून राहिले, चाल. मी म्हटलं, मले आता हमाली सोडून इतके वर्स झाले, माझी कायले याद? तो म्हणे मले मालूम नाही, पण धुतलेला सदरा घाल म्हटलं हाय. मी तो पांढरा घातला, दीक्षाभूमीवर जातानाचा. गेलो तं दुकानात ही गर्दी. मोठाले लाईट लावलेले. एक पोरगी आली अन् माझ्या सदऱ्याले माईक टोचून गेली. शेठ स्वतः उठले. म्हणे, या आनंदराव, बसा. अन् खुर्ची दिली गा. आतमध्ये, पंख्याखाली. सारी जिंदगी त्या दुकानाच्या वट्ट्यावर बसलो मी, पोत्यावर. आत गेलो तं पाठीवर माल घेऊनच गेलो.

बायजाबाई: म्हणून मंग फुगले असाल.

आनंदराव: फुगलो नाही. खुर्चीवर हात कुठी ठेवावं तेच समजे ना.

प्रीतम: मंग शेठ काय म्हटले?

आनंदराव: शेठ म्हणे, आमच्या पोरानं, दुर्गेशनं, कॉम्प्युटरच्या खेळातली एक गाडी बनवली, साऱ्या दुनियेत तिचं नाव होऊन राहिलं. त्यानं बंगलोरले मोठ्या सभेत भाषण केलं. मले मोबाईलवर दाखवलं ते भाषण. दुर्गेश इंग्रजीत बोलत होता, शेठ मले मराठीत सांगत होते. म्हणे, दुर्गेश सांगून राहिला की माझे आजोबा गावातून नागपूरले आले तवा कळमन्यात हातगाडा ओढत होते. त्या गाड्याची चाल मी खेळातल्या गाडीले दिली. शेठचे डोळे भरून आले होते गा सांगताना. मंग मले म्हणे, आनंदराव, तुम्ही तं आमच्या वडिलांले पाहिलं हाय ना गाडा ओढताना?

प्रीतम: पाहिलं होतं?

आनंदराव: मोठ्या शेठले? तो माणूस तराजू बी उचलत नव्हता. गादीवरून उठायचा तं दोन माणसं लागत. गुडघे गेले होते त्याचे.

प्रीतम: मंग तुम्ही काय सांगतलं?

आनंदराव: आता काय सांगतलं, काय सांगतलं.

प्रीतम: बाबा.

आनंदराव: हो म्हटलं. पाहिलं हाय, म्हटलं.

बायजाबाई: काहून?

आनंदराव: तू नोको सुरू होऊ. शेठ कानाजवळ येऊन म्हणे, आपला प्रीतम बी याच कामात हाय ना दुर्गेशसंग. याच्यानं त्याचंही भलं होईल. मंग मी काय करू? मले वाटलं ऑफिसचंच काम हाय, पोराच्या उपयोगी पडलो तं पडलो. अन् मनात म्हटलं, घे बापा. दुकान हाय, गोदाम हाय, लक्ष्मीनगरात बंगला हाय. आता हमाली पाहिजे तं हमाली बी घे. मले तं खरं सांगू, दयाच आली. एवढा पैसेवाला माणूस, अन् याले गरिबीची कमी पडून राहिली.

बायजाबाई: तुम्हाले त्याची दया आली.

आनंदराव: आली तं आली.

प्रीतम: आई, आता मी सांगतो ते ऐक. म्हणजे तुले समजेल मी काहून विचारून राहिलो. तो दुर्गेश माझा साहेब आहे, हे तुले मालूम आहे.

बायजाबाई: मालूम हाय. अन् तू तिथं बंदुका बनवते, खेळातल्या.

प्रीतम: आधी बंदुकाच बनवत होतो. एक होती, जास्त चालवली की नळी लाल होऊन वितळायची. एक होती, गोळीच्या जागी आवाज मारायची, समोरची भिंत पडायची. मंग मले गाड्या दिल्या. परदेशातल्या कंपनीचा गेम आहे. दुसऱ्या एका ग्रहावरची लढाई. तिथं हवा नाही, नुसती राख. त्या राखेतून तोफांचा माल वाहून न्यायची एक गाडी पाहिजे होती. चाकं, इंजिन, लोखंड सगळं काढून झालं, पण ती चाले ना. म्हणजे चालत होती, पण खेळण्यासारखी. तिच्यावर वजन आहे असं वाटतच नव्हतं. तवा मले बाबा आठवले.

आनंदराव: मी?

प्रीतम: लहानपणी मी डबा घेऊन यायचो ना कळमन्याले. तुम्ही भरलेला गाडा एकदम नव्हते ओढत. बाकीचे हमाल जोर लावून लावून दमायचे. तुम्ही आधी गाडा हातभर मागं जाऊ द्यायचे. मंग दांडीवर छाती टेकवायचे. गाड्याचं तोंड खाली जायचं. एक क्षण तुम्ही थांबायचे, काहीच नाही करायचे. अन् मंग तो आपोआप निघायचा.

आनंदराव: आपोआप नाही निघत. तो श्वास सोडा लागते.

प्रीतम: तेच. मी त्या गाडीले तेच दिलं. माल भरला की ती आधी जराशी मागं येते, तोंड खाली करते, थांबते, मंग निघते. ऑफिसातले सगळे हसले. म्हणे, प्रीतमची गाडी बिघडली. दुर्गेश म्हणे, हे काढून टाक, खेळणाऱ्याले वाटेल कॉम्प्युटर अटकला. मी काढलं नाही. तसंच पाठवलं. तिकडच्या बाईनं पाहिलं, मोठी साहेब आहे ती, अन् तिनं साऱ्या कंपनीले बोलावून दाखवलं. म्हणे, ही गाडी नाही, हे जनावर आहे, याले आपलं ओझं मालूम आहे. नाव बी तेच ठेवलं त्यांनी, मी फाईलले दिलेलं. गाडा.

बायजाबाई: मंग ते दुर्गेशचं कसं झालं?

प्रीतम: गेम बाहेर आला तवा नावं आली शेवटी. गाड्याच्या समोर दुर्गेशचं नाव. माझं नाव खाली, झुंडीत. मी विचारलं तं म्हणे, टीमचं काम असते, लीडचं नाव जाते, सगळीकडे असंच चालते. तिथपर्यंत मी गप्प बसलो, आई. खरंच असंच चालते. पण मंग त्यानं ते भाषण केलं. माझे आजोबा, म्हणे. कळमना, म्हणे. डबा घेऊन जायचो, म्हणे. ते बी सोडलं नाही त्यानं. एकदा जेवताना मी त्याले हे सगळं सांगतलं होतं. त्यानं जेवण थांबवून ऐकलं होतं.

बायजाबाई: त्याचा आजा तं तो पैदा व्हायच्या आधीच गेला.

प्रीतम: हे तुले मालूम आहे. बंगलोरले कोणाले मालूम असणार? मी त्या बाईले मेल पाठवला. म्हटलं, नाव दुसऱ्याचं राहू द्या, पण ती गोष्ट माझ्या बापाची आहे. तिनं लगेच उत्तर दिलं. म्हणे, आम्ही दोघांचं ऐकू. आज सकाळी ते ऐकणं होतं.

आनंदराव: मले सांगतलं नाही तू हे काही.

प्रीतम: तुम्हाले सरप्राईज द्यायचं होतं. निकाल लागला की तुम्हाले ऑफिसात नेणार होतो, त्या बाईशी बोलून देणार होतो. मी तं तुम्हालेच पुरावा म्हणून उभं करणार होतो, बाबा.

आनंदराव: अन् तुझ्या आधी त्यांनी मले नेलं.

प्रीतम: हो.

बायजाबाई: पुढं सांग.

प्रीतम: भिंतीएवढा पडदा आहे आमच्या मीटिंगच्या खोलीत. ती बाई होती त्याच्यावर, अन् त्यांचा वकील. इकडे मी, दुर्गेश अन् आमच्या टीममधली सोनिका. सोनिका आपल्या घरी आली होती ना, झुणका खाऊन गेली, तीच. मी माझी सुरुवातीची चित्रं दाखवली. दुर्गेश म्हणे, चित्रं याचीच आहेत, मी कुठं नाही म्हणतो, पण मी सांगतलं तशी यानं काढली, कारण गोष्ट माझ्या घरची आहे. अन् म्हणे, त्या काळातला एक हमाल अजून जिवंत आहे, त्याचं ऐका. मंग त्यानं व्हिडिओ लावला, खाली इंग्रजीत लिहिलेला.

आनंदराव: मी दिसलो.

प्रीतम: भिंतीएवढे दिसले. मले आधी सदरा दिसला.

बायजाबाई: माय.

प्रीतम: तुम्ही म्हटलं, मोठ्या शेठले मी डोळ्यानं पाहिलं गाडा ओढताना. मंग कोणीतरी मागून विचारलं, कसा ओढायचे ते? अन् तुम्ही खुर्चीवरून उठले.

बायजाबाई: उठून काय केलं यांनी?

आनंदराव: दाखवलं.

बायजाबाई: काय दाखवलं?

आनंदराव: गाडा कसा ओढते ते. आता त्या पोरीनं विचारलं ना वं. आजवर कोणं विचारलं मले? तू तरी विचारलं कधी? इतके वर्स ओढला, लोकायनं एवढंच विचारलं, झाला का, आला का, उशीर काहून केला. त्या पोरीनं विचारलं, कसा ओढायचे. मंग मले भान नाही राहिलं. शेठचा बाप बिप काही डोक्यात नव्हतं. मी दांडी धरली, म्हणजे हवेतच, अन् मागं आलो, वाकलो, थांबलो. सांगत गेलो, इथं घाई केली की छाती फुटते, इथं चाकाले ऐकू द्या लागते. लाईटवाला बी पाहत होता.

प्रीतम: ती बाई तोंडावर हात ठेवून पाहत होती. संपल्यावर ती म्हटली, हेच आहे ते, तंतोतंत हेच.

आनंदराव: मंग तं तिले समजलं असेल.

प्रीतम: काय समजणार, बाबा? तुम्ही स्वतःच सांगतलं होतं हे मोठ्या शेठचं म्हणून.

आनंदराव: तू काहून नाही बोलला? बोलाचं ना, हा माझा बाप हाय.

प्रीतम: तिनं मले विचारलं. म्हणे, तुम्ही या म्हाताऱ्या माणसाले ओळखता का? यांच्या बोलण्यावर तुमचं काही म्हणणं आहे का? दुर्गेश टेबलाकडे पाहून राहिला होता. सोनिका माझ्याकडे पाहून राहिली होती. तिच्या डोळ्यात पाणी होतं, पण ती काही बोलली नाही. नोकरी तिले बी आहे.

बायजाबाई: मंग तू काय म्हटलं?

प्रीतम: म्हटलं, ओळखतो. हा माणूस खोटं बोलत नाही.

बायजाबाई: प्रीतम.

प्रीतम: मंग काय म्हणू, आई? बाप आहे म्हटलं असतं तं त्या वकिलानं पहिलं हेच विचारलं असतं, म्हणजे तुमचा बाप खोटं बोलून राहिला? अन् मी हो म्हटलं असतं. मंग पुन्हा व्हिडिओ लावला असता त्यांनी. अडवून अडवून पाहिला असता, कुठं खोटं आहे, कुठं खरं आहे. अन् ते जे उठून दाखवलं ना यांनी, तेवढं खरं होतं. तेवढं एकच खरं होतं त्या खोलीत. ते बी खोट्यात गेलं असतं. माझ्यानं नाही झालं.

आनंदराव: मंग?

प्रीतम: मंग काही नाही. ती बाई म्हटली, धन्यवाद. पडदा बंद झाला.

बायजाबाई: अन् तो दुर्गेश? त्याले लाज नाही वाटली?

प्रीतम: वाटली असेल. बाहेर आल्यावर माझ्या मागं आला. म्हणे, यार प्रीतम, मनात नोको ठेवू, धंद्यात असं करा लागते, कंपनीले गोष्ट पाहिजे असते अन् गोष्टीले मालक पाहिजे असते. म्हणे, माझ्या बाबूजीले मी सांगतलं नव्हतं तुझ्या बाबांले बोलवा म्हणून, त्यांनीच बोलावलं, व्हिडिओ आला तवा मले समजलं. म्हणे, तुझ्या नोकरीले काही धक्का नाही, पण गाड्या आता दुसरा करेल, तू बंदुकांवर परत जा. अन् माझ्या खांद्यावर हात ठेवला.

बायजाबाई: तू हात झटकला नाही?

प्रीतम: नाही.

बायजाबाई: बापासारखाच झाला तू.

आनंदराव: मी जातो. आत्ताच जातो तुझ्या ऑफिसात. त्या बाईले सांगतो, बाई, मी खोटं बोललो, गाडा माझा हाय. देवाजीले बी घेऊन जातो. तो सांगेल.

प्रीतम: देवाजीकाका शेठच्याच दुकानावर आहेत अजून. ते काय सांगतील?

आनंदराव: मंग मी एकटा जातो.

प्रीतम: अन् काय होईल? एका म्हाताऱ्यानं एकदा हे सांगतलं, एकदा ते सांगतलं. दुर्गेश म्हणेल, प्रीतमनं शिकवून आणलं. तुमच्या तोंडावर म्हणेल.

आनंदराव: शेठले तं विचारतो. शेठजी, हे काय केलं तुम्ही, एवढं तं विचारतो.

बायजाबाई: तुम्ही विचारान? ते खुर्ची देतील अन् तुम्ही बसून घ्यान. मी ओळखते तुम्हाले. इथं घरात मोठ्यानं बोलता. तिथं गेले की पाठ आपली आपण वाकते तुमची. बाबासाहेबाचा फोटो भिंतीवर लावला कायले आपण? शेठनं म्हटलं पाहिलं ना, तं म्हणे पाहिलं.

आनंदराव: बायजा.

बायजाबाई: नाही, बोलू द्या मले. पोराले शिकवाले मी चार घरचे भांडे घासले, कोणाले सांगा लागले तं सांगते मी, लाजत नाही. अन् तो दुर्गेश, गादीवर जन्मलेला, सभेत उभा राहून म्हणते माझा आजा हमाल होता, अन् लोकं टाळ्या वाजवते. आपल्या पोरानं म्हटलं असतं माझा बाप हमाल हाय, तं कोणं वाजवल्या असत्या?

प्रीतम: वाजवल्या असत्या, आई. तेच तं. या वेळेस वाजवल्या असत्या.

आनंदराव: उद्या जाशील का कामावर?

प्रीतम: जाईन. दुसरं कुठं जाऊ? नागपुरात असं काम करणारी दोन ऑफिसं आहेत. दुसरं दुर्गेशच्या मेव्हण्याचं आहे. पुण्याले जायचं तं तिथं बी विचारतील, तुम्ही काय बनवलं? मी म्हणीन गाडा. ते म्हणतील, तो तं दुर्गेशचा आहे, आम्ही भाषण ऐकलं.

बायजाबाई: मी भात टाकते. सकाळपासून जेवला नसशील.

प्रीतम: भूक नाही, आई.

बायजाबाई: भूक कोण विचारून राहिलं?

आनंदराव: प्रीतम, मले दाखवतं का ते? मी तं पाहिलंच नाही अजून. शेठनं भाषण दाखवलं, गाडी नाही दाखवली.

प्रीतम: आता काय पाहता, बाबा?

आनंदराव: दाखव गा.

(प्रीतम बॅगेतून लॅपटॉप काढून सुरू करतो.)

प्रीतम: हे पाहा. हा कोणीतरी खेळून राहिला आहे, त्याचाच व्हिडिओ आहे. ही राख. ते दूर उभं आहे ना धुरात, ते.

आनंदराव: एवढं मोठं? मले वाटलं गाड्याएवढंच असेल.

प्रीतम: आपल्या गल्लीत मावणार नाही. आता माल भरून झाला. पाहा.

आनंदराव: हां. मागं आला. बरोबर. वाकला. थांब, थांब, थांब. आता सोड. गेला.

प्रीतम: बरोबर आहे ना?

आनंदराव: बरोबर हाय. मी असाच दिसत होतो का? मागून कोणी आपल्याले पाहिलं की कसे दिसतो, आपल्याले मालूम राहत नाही. अन् हे लोकं काहून धावून राहिले याच्या अंगावर? हे आपले नाही का?

प्रीतम: नाही. गाडा शत्रूचा आहे, बाबा. खेळणाऱ्यानं त्याले अडवायचं असते. त्याच्याशिवाय पुढचा डाव लागत नाही.

आनंदराव: म्हणजे याले मारतात.

प्रीतम: मारतात.

आनंदराव: समोरून मारलं तं काही होऊन नाही राहिलं याले. चालतेच हाय. आता हे सारे एका बाजूले काहून गेले? सारे डाव्या बाजूले काहून मारून राहिले?

प्रीतम: प्रत्येक गाडीले एक कमजोर जागा द्या लागते. नाहीतं ती मरतच नाही. याची डाव्या खांद्यात आहे. चाकाच्या वर, तो सांधा दिसते ना, तिथं. एकदा मालूम झालं की सगळे तिथंच मारतात.

आनंदराव: दुर्गेशनं ठेवली?

प्रीतम: मी ठेवली. त्या बाईनं आज दुर्गेशले विचारलं होतं, डावीकडेच काहून? तो म्हणे, उजवीकडे इंजिन आहे म्हणून.

आनंदराव: अन् खरं काहून?

प्रीतम: सदरा घालताना तुम्ही डावा हात आधी घालता. हळूच. मंग उजवा. मी लहान होतो तवापासून पाहून राहिलो.

आनंदराव: तो खांदा दुखते हे मी तं कोणाले सांगतलं नव्हतं. तुझ्या आईले बी नाही.

प्रीतम: मले मालूम आहे.

आनंदराव: अन् आता सारी दुनिया तिथंच नेम धरते.

प्रीतम: हो, बाबा.